यंत्राला भाषांतर शिकवणारी गणिती : ग्रेस हॉपर

संगणकाच्या व्यवसायात वावरणाऱ्यांना एक अनुभव कधी ना कधी येतोच. महिनोन्महिने खपून लिहिलेला प्रोग्राम चाचणीच्या टेबलावर सुरळीत चालतो. ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी तो अधिक वेगाने धावावा म्हणून कम्पायलरला ‘ऑप्टिमायझेशन’ची सूचना दिली जाते आणि तोच प्रोग्राम मध्येच कोसळतो. लिहिणाऱ्याने एक अक्षरही बदललेले नसते, यंत्रही तेच असते. बदललेले असते ते केवळ माणसाच्या भाषेतून यंत्राच्या भाषेत झालेले रूपांतर. मग दोष लेखकाचा, यंत्राचा की भाषांतरकाराचा?

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाला पडलाच नसता, कारण तेव्हा मध्ये भाषांतरकारच नव्हता. प्रोग्राम लिहिणारा माणूस थेट यंत्राच्या आकड्यांत लिहीत असे. हे भाषांतराचे काम यंत्रालाच करता येईल, असे ज्यांनी आरंभीच्या काळात आग्रहाने मांडले आणि करून दाखवले त्यांत अमेरिकेच्या नौदलातील एका गणिती स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. ग्रेस मरे हॉपर हे ते नाव. कम्पायलरची आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव होतो आणि यंत्रात सापडलेल्या कीटकाच्या गोष्टीमुळे त्या सर्वसामान्यांनाही ठाऊक असतात. परंतु त्या दोन गोष्टींच्या पलीकडे त्यांचे आयुष्य बरेच मोठे आहे.

सात घड्याळांची गोष्ट

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील वॉल्टर मरे विमा व्यवसायात होते. आई मेरी यांना गणिताची ओढ होती. तीन भावंडांत ग्रेस थोरली. वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी तिने ते उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या ध्यानात येईपर्यंत घरातली सात घड्याळे सुटी होऊन पडली होती. आईने शिक्षा केली नाही. यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल, एवढी मर्यादा मात्र घातली. बिघाड समजून घ्यायचा तर वस्तू आतून पाहिली पाहिजे, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

व्हॅसार महाविद्यालयात प्रवेशासाठी तिने सोळाव्या वर्षी अर्ज केला, पण लॅटिनमध्ये गुण कमी पडल्याने एक वर्ष थांबावे लागले. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत पदवी घेऊन ग्रेस येल विद्यापीठात गेल्या. तेथून १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्या काळात अमेरिकेतही गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या स्त्रिया मोजक्याच होत्या. १९३० मध्येच साहित्याचे अध्यापक व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या वर्षापासून त्या व्हॅसारमध्ये शिकवू लागल्या आणि १९४१ पर्यंत सहयोगी प्राध्यापक झाल्या. सुस्थिर, प्रतिष्ठित आणि काहीसे शांत असे ते आयुष्य होते. ते मोडले ते युद्धाने.

एकावन्न फुटांचे यंत्र

१९४१च्या डिसेंबरमध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपर यांचे पणजोबा नौदलात अधिकारी होते. त्याच नौदलात जाण्याचा त्यांनी ध्यास घेतला. वय जास्त भरले आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी. शिवाय गणिताचे अध्यापन हेच युद्धकाळात देशाला उपयोगी काम मानले जात होते. तरीही पाठपुरावा करून त्यांनी सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलात प्रवेश केला. प्रशिक्षणात पहिला क्रमांक मिळवून १९४४च्या जुलैमध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाल्या. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या देखरेखीखाली ‘मार्क-१’ हे अवाढव्य गणनयंत्र नौदलासाठी काम करीत होते.

हे यंत्र ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होते. त्यात साडेसात लाखांच्या आसपास सुटे भाग होते. ते सेकंदाला तीन बेरजा करी. एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद लागत. आजच्या हिशेबाने हा वेग हास्यास्पद वाटेल, पण त्या काळी खोलीभर माणसांचे काम ते एकटे करीत होते. आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून द्याव्या लागत. एकेन शिस्तीचे कडक होते. नव्या अधिकाऱ्याचे आगतस्वागत करण्याऐवजी त्यांनी यंत्राकडे बोट दाखवले आणि पुढच्या आठवड्यापर्यंत एका त्रिकोणमितीय फलाचे गुणांक २३ दशांश स्थळांपर्यंत काढण्याचे काम सोपवले. हॉपर यांनी तोपर्यंत असे यंत्र पाहिलेही नव्हते. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल या तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने त्या ते शिकल्या.

यंत्र दिवसरात्र चाले. नौदलाच्या तोफांचे तक्ते, सुरुंगांसंबंधीची गणिते, असे बरेच काम येई. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले. ते कशासाठी आहे, हे तेथील मंडळींना सांगण्यात आले नव्हते. प्लुटोनियमचा गोळा सर्व बाजूंनी आत दाबला जाण्याच्या क्रियेशी त्याचा संबंध होता आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला बॉम्ब त्याच तत्त्वावर बांधलेला होता. आकडे तपासणाऱ्यांना त्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसण्याचा तो काळ होता.

एकेन यांच्या आदेशावरून हॉपर यांनी या यंत्राची कार्यपुस्तिका लिहिली. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पुस्तिका पाचशेहून अधिक पानांची आहे. ते यंत्र कसे वापरावे, त्याला आज्ञा कशा द्याव्यात आणि उत्तर चुकले तर कसे शोधावे, याचा असा सविस्तर ग्रंथ त्यापूर्वी नव्हता.

नोंदवहीतला पतंगा

हार्वर्डच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. यंत्र केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, का थांबले, काय बदलले, हे सर्व वेळेसह नोंदवहीत लिहिले जाई. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क-२’ या पुढच्या यंत्रात बिघाड झाला. शोध घेता एका रिलेच्या फटीत अडकून मेलेला पतंगा सापडला. कोणीतरी तो चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि प्रत्यक्षातला ‘बग’ सापडल्याची मिस्कील नोंद केली. ते पान आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात जपलेले आहे.

या गोष्टीवरून ‘बग’ हा शब्द हॉपर यांनी निर्माण केला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. यंत्रातील दोषाला हा शब्द एडिसनच्या काळापासून, म्हणजे १८७०च्या दशकापासून अभियंते वापरीत होते. म्हणून तर त्या नोंदीत विनोद होता. तो कीटकही हॉपर यांनी स्वतः शोधला नव्हता. मात्र पुढे आपल्या व्याख्यानांतून ही गोष्ट जगभर पोचवली ती त्यांनीच.

त्या पानाचे खरे महत्त्व विनोदात नाही, शिस्तीत आहे. उत्तर चुकले तर त्या काळी संशयित दोनच असत. आज्ञा लिहिणारा माणूस चुकला असेल किंवा यंत्राचा एखादा भाग बिघडला असेल. दोहोंतला कोण, हे ठरवण्यासाठी काम तुकड्यातुकड्यांनी पुन्हा चालवायचे, तोच आकडा पुन्हा येतो का ते पाहायचे, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित देऊन यंत्राची परीक्षा घ्यायची आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची. हॉपर यांच्या पुढच्या कामाचा पाया येथे घातला गेला.

वहीतून टेपवर

युद्ध संपले. १९४५ मध्ये हॉपर पती-पत्नी विभक्त झाले. ग्रेस यांनी आडनाव मात्र तेच ठेवले. व्हॅसारची नोकरी नाकारून त्या हार्वर्डमध्येच संशोधक म्हणून राहिल्या. तेथे त्यांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता नव्हती. १९४९ मध्ये मुदत संपली तेव्हा त्या फिलाडेल्फियातील एकर्ट आणि मॉक्ली यांच्या छोट्या कंपनीत ज्येष्ठ गणिती म्हणून गेल्या. तेथे ‘युनिव्हॅक’ हा विद्युतकणांवर चालणारा संगणक आकार घेत होता. वय ४२ वर्षे, संसार मोडलेला, कंपनीची आर्थिक स्थिती डळमळीत. या वर्षांत मद्याच्या व्यसनाने त्यांना ग्रासले होते आणि निकटच्या सहकाऱ्यांना त्यांची चिंता वाटत होती. या काळोख्या पर्वातून त्या बाहेर आल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यांच्या हातून आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम घडले.

पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांचे संच, म्हणजे वर्गमूळ काढणे, कोनाची ज्या काढणे वगैरे, प्रोग्रामर मंडळी वह्यांत लिहून ठेवीत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. प्रत्येक नव्या जागी स्मृतीतले पत्ते बदलत, म्हणून उतरवताना प्रत्येक आज्ञेत ठरावीक आकडा मिळवावा लागे. हॉपर यांच्या लक्षात आले की बुद्धिमान माणसे दोन कामांत हमखास चुकतात : बेरीज करण्यात आणि नक्कल करण्यात. इंग्रजी बी हे अक्षर तेरा म्हणून वाचले जाई. रिकाम्या जागेची त्रिकोणी खूण चार म्हणून उतरे. खुद्द हॉपर यांच्या बँकेच्या हिशेबाचा मेळ तीन महिने बसेना. बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या भावाने कागद पाहिले तेव्हा उलगडा झाला. यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत काम करता करता त्या घरचे हिशेबही मधूनमधून आठाच्या पाढ्याने करू लागल्या होत्या.

बेरीज आणि नक्कल ही कामे यंत्र बिनचूक करते. मग ती त्यालाच का देऊ नयेत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी प्रत्येक आज्ञासंचाला एक क्रमांक दिला आणि सगळे संच चुंबकीय टेपवर साठवले. प्रोग्रामरने क्रमाने फक्त ते क्रमांक आणि लागणारे आकडे द्यायचे. यंत्र टेपवरून संच शोधी, त्यांतील पत्ते बदली, एकापुढे एक जोडी आणि पूर्ण प्रोग्राम दुसऱ्या टेपवर लिहून देई. ग्रंथालयातून वेचे काढून संकलन करावे तसे हे काम, म्हणून तिला ‘कम्पायलर’ हे नाव. ‘ए-०’ ही ती पहिली प्रणाली १९५२ मध्ये चालू झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पिट्सबर्ग येथील परिषदेत हॉपर यांनी तिच्यावर निबंध वाचला. आजच्या व्याख्येने पाहिले तर ती पूर्ण कम्पायलर नव्हती. आज्ञासंच जोडून देणाऱ्या आजच्या ‘लिंकर’शी तिचे साम्य अधिक. पण एक प्रोग्राम दुसरा प्रोग्राम लिहू शकतो, ही कल्पना तिने सिद्ध केली.

त्यात एक पेच होता. आज्ञांतून कधी पुढे उडी मारावी लागते आणि पुढचा भाग स्मृतीत कोठे पडणार, हे त्या क्षणी ठाऊक नसते. युनिव्हॅकची स्मृती अवघी १००० शब्दांची. हॉपर यांना महाविद्यालयातल्या बास्केटबॉलची आठवण झाली. मुलींच्या त्या वेळच्या नियमांत चेंडू घेऊन फार धावता येत नसे. तो सहकारी खेळाडूकडे फेकायचा, पुढे धावायचे आणि तिच्याकडून परत घ्यायचा. त्यांनी स्मृतीच्या टोकाला एक तटस्थ कोपरा राखून ठेवला. अज्ञात स्थळी मारायची उडी आधी त्या कोपऱ्याकडे जाई. पुढचा भाग आपल्या जागी आला की कोपऱ्यातून त्याच्याकडे दुसरी उडी लिहिली जाई. अशा रीतीने एकाच फेरीत काम उरकू लागले.

वेगाची शंका

या कल्पनेचे स्वागत झाले असे मात्र नाही. संगणक फक्त गणित करतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, असे जाणकार मानत. हॉपर यांच्या हाताशी चालता कम्पायलर असतानाही बराच काळ त्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. यंत्राचा प्रत्येक मिनिट महाग आणि स्मृती तुटपुंजी. कसलेला माणूस आज्ञांची जी काटकसर करतो ती यंत्राला कोठून जमणार? यंत्राने लिहिलेला प्रोग्राम संथच चालणार, ही ती शंका.

तरीही त्या थांबल्या नाहीत. ‘ए-१’, ‘ए-२’ अशा सुधारित आवृत्त्या आल्या. मे १९५४ मध्ये वॉशिंग्टन येथे नौदलाच्या संशोधन कार्यालयाने स्वयंचलित प्रोग्रामिंगवर परिसंवाद भरवला. त्यामागे हॉपर यांचाच पुढाकार होता. तेथे आलेल्यांत आयबीएमचे जॉन बॅकस होते. वेगाच्या शंकेला खणखणीत उत्तर दिले ते त्यांनी. त्यांच्या चमूने एप्रिल १९५७ मध्ये ‘फोरट्रान’चा कम्पायलर बाहेर आणला. तो केवळ भाषांतर करून थांबत नव्हता. कोणता आकडा पुन्हा लागणार आहे, कोणती आकडेमोड फेऱ्याच्या बाहेर काढता येईल, यंत्रातील तीनच निर्देशक कोठे वापरावेत, याचा हिशेब करून तो आज्ञांची फेरमांडणी करी. त्याने लिहिलेल्या आज्ञा पाहून खुद्द कर्तेच चक्रावत. हे चुकले असणार, असे वाटून ते तपासू लागत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

ऑप्टिमायझेशनचे युग तेथे सुरू झाले आणि त्याबरोबरच एक नवी अनिश्चितताही आली. कम्पायलरने काय लिहिले आहे हे पाहून त्याच्या निर्मात्यालाही ते बरोबर की चूक, हे सहज कळेनासे झाले.

तिसरा संशयित

हार्वर्डच्या नोंदवहीच्या काळात संशयित दोन होते. आता तिसरा उभा राहिला. कम्पायलर आज इतका विश्वासू आहे की बहुतेक प्रोग्रामर त्याचे लिखाण उघडून पाहतही नाहीत. पण ऑप्टिमायझेशनची पातळी वाढवताच कोसळणाऱ्या प्रोग्रामचे कोडे समजण्यासाठी त्याचा विचार कसा चालतो हे पाहावे लागते. ‘सी’सारख्या भाषेत काही कृती नियमबाह्य ठरवलेल्या आहेत. किंमत न दिलेली चलराशी वाचणे, रांगेच्या सीमेपलीकडे लिहिणे, चिन्हांकित पूर्णांक कमाल मर्यादेपलीकडे नेणे, या त्यांतल्या काही. लेखक अशी कृती करणारच नाही, असे गृहीत धरण्याची मुभा कम्पायलरला आहे. ऑप्टिमायझेशन बंद असते तेव्हा तो शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करतो आणि चूक बहुधा निमूटपणे खपून जाते. ते चालू केले की तो त्या गृहीतावर तर्क रचू लागतो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या संख्येत एक मिळवल्यावर ती पूर्वीपेक्षा लहान झाली का, असे विचारून मर्यादा ओलांडली गेल्याचे ओळखण्याची प्रोग्रामरांची जुनी युक्ती होती. कम्पायलर म्हणतो, नियमानुसार असे घडणे शक्यच नाही. मग तपासणी हवी कशाला? आणि तो ती गाळून टाकतो. २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात असाच प्रकार उघडकीस आला. एका भागात स्मृतीचा पत्ता आधी वापरला होता आणि तो रिकामा आहे का, हे नंतर विचारले होते. पत्ता वापरला त्या अर्थी तो रिकामा नसणार, असा निष्कर्ष काढून कम्पायलरने ती तपासणीच काढून टाकली आणि आक्रमकाला शिरकाव करता येईल अशी फट राहिली. पुढे लिनक्सचा गाभा बांधताना अशा तपासण्या गाळू नयेत, अशी सूचनाच कम्पायलरला देण्यात येऊ लागली.

अशा दोषाचा माग काढण्याची आजची रीत पाहिली तर हार्वर्डच्या प्रयोगशाळेची आठवण व्हावी. प्रथम ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करून प्रोग्राम चालतो का ते पाहायचे. चालला, तर पातळी एकेक पायरीने वाढवायची आणि कोणत्या पायरीवर तो कोसळतो ते लिहून ठेवायचे. मग अर्ध्या फायली ऑप्टिमायझेशनसह आणि अर्ध्या त्याविना बांधायच्या. दोष ज्या अर्ध्यात असेल त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. हजार फायली असल्या तरी दहा फेऱ्यांत एका फायलीपर्यंत पोचता येते. तेथून एका फंक्शनपर्यंत आणि मग त्याच्या यंत्रभाषेतील दोन्ही रूपांच्या तुलनेपर्यंत. कम्पायलरचे सगळे इशारे चालू करून ते वाचायचे. नियमबाह्य कृती प्रत्यक्ष चालताना पकडणारी ‘सॅनिटायझर’ नावाची साधनेही आता हाताशी आहेत. शोधासाठी मध्ये छपाईची एक ओळ घातली की दोष नाहीसा होतो, हा अनुभव पुष्कळांना येतो. तो दोष गेला असे समजायचे नसते. त्या ओळीमुळे कम्पायलरची मांडणी तेवढी बदललेली असते. म्हणूनच ऑप्टिमायझेशन बंद करून प्रोग्राम पुढे पाठवून देणे, हा उपाय नव्हे. चूक तेथेच राहते आणि पुढच्या आवृत्तीत पुन्हा वर येते.

शेवटी गुन्हेगार बहुतेक वेळा लेखकच निघतो. पण नेहमीच नाही. २०११ मध्ये यूटा विद्यापीठातील संशोधकांनी यदृच्छया तयार केलेले प्रोग्राम देऊन ‘सी’च्या कम्पायलरांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांत तोवर अज्ञात असलेले ३२५हून अधिक दोष सापडले. भाषांतरकाराचीही परीक्षा घेतली पाहिजे, हे त्यातून पुन्हा दिसले. आणि ही जाणीव हॉपर यांना दशकांपूर्वीच झालेली होती.

सर्वांसाठी एक भाषा

फोरट्रान ही गणितींची भाषा. हॉपर यांची नजर पगारपत्रके आणि गोदामांचे हिशेब ठेवणाऱ्यांकडे होती. बीजगणिताच्या चिन्हांना बुजणाऱ्या माणसाला आपल्या रोजच्या शब्दांत यंत्राला काम सांगता यावे, हा त्यांचा आग्रह. १९५५ मध्ये त्यांनी असा एक छोटा प्रोग्राम इंग्रजीत करून दाखवला आणि तोच फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालतो हे सिद्ध केले. यंत्राच्या लेखी सारे शब्द खुणांसारखेच, हे त्यांना दाखवायचे होते. व्यवस्थापनाने मात्र धसका घेतला. अमेरिकी यंत्राला परक्या भाषा कशा समजतील, म्हणून तो प्रस्ताव अडला आणि पुढे काम फक्त इंग्रजीत होईल अशी हमी द्यावी लागली. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा तयार झाली.

१९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने संगणक कंपन्या आणि वापरकर्ते एकत्र आले आणि सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यापारी भाषा घडवण्याचे ठरले. हीच ‘कोबोल’. हॉपर यांना कोबोलची जननी म्हटले जाते, पण प्रत्यक्ष आराखडा जीन सॅमेट आणि इतर अनेकांच्या समितीने केला. हॉपर सल्लागार होत्या. त्यांची फ्लो-मॅटिक हा मात्र त्या भाषेचा मुख्य आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळपास तोच प्रोग्राम चालवून दाखवण्यात आला. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांचे व्यवहार पुढे दशकानुदशके या भाषेने सांभाळले. वर्ष २००० उजाडण्यापूर्वी दोन अंकी सालांच्या दुरुस्तीचे जे प्रचंड काम भारतीय कंपन्यांकडे आले, त्यातला मोठा वाटा कोबोलच्याच जुन्या प्रोग्रामांचा होता. मुंबई-पुण्यातील कित्येक तरुणांची कारकीर्द त्या दुरुस्तीने सुरू झाली.

पुन्हा गणवेशात

१९६६च्या अखेरीस, साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, हॉपर नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त झाल्या. तो आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस, असे त्या सांगत. पण सात महिनेच उलटले असतील, ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने जवळपास एकोणीस वर्षे चालले.

बोलावण्याचे कारण येथे विशेष महत्त्वाचे आहे. नौदलात निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक होते आणि प्रत्येकाचा कोबोल कम्पायलर आपापल्या समजुतीप्रमाणे भाषांतर करीत होता. एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की बिनसत असे. भाषा एक आणि अर्थ अनेक, अशी अवस्था. हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी तपासणी-प्रोग्रामांचा संच तयार केला. भाषेचा एकेक नियम घ्यायचा, त्याची परीक्षा पाहणारा प्रोग्राम लिहायचा, तो कम्पायलरला द्यायचा आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहायचे. या परीक्षेत जो बसेल तोच कम्पायलर प्रमाणित. पुढे अमेरिकी सरकारने खरेदीसाठी अशा तपासणीची पद्धत स्वीकारली. ज्यांनी यंत्राला भाषांतर करायला शिकवले, त्यांनीच त्या भाषांतराची कसोटीही बांधली. प्रसिद्धीच्या झोतात हे काम फारसे आले नाही. पण त्यांच्या कर्तृत्वातला हा भाग कीटकाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

१९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर ॲडमिरल झाले. मार्च १९८३ मध्ये दूरचित्रवाणीवर झालेल्या मुलाखतीने त्या घराघरांत पोचल्या. गणवेशातली ही कृश, वृद्ध, हजरजबाबी बाई व्याख्यानाला येताना तारांचे तुकडे घेऊन येई. प्रत्येक तुकडा सुमारे ११.८ इंच लांबीचा : एका सेकंदाच्या अब्जांश भागात वीज जास्तीत जास्त तेवढेच अंतर जाऊ शकते. शेजारी ९८४ फूट तारेचे भेंडोळे, ते सेकंदाच्या दशलक्षांश भागाचे. एक मायक्रोसेकंद वाया घालवताना आपण काय फेकून देतो, ते प्रोग्रामरने डोळ्यांनी पाहावे, हा हेतू. वेगाची किंमत त्या जाणत होत्या. बिनचूकपणाचा बळी देऊन मिळालेला वेग मात्र त्यांना मान्य झाला नसता, हे त्यांच्या तपासणी-संचाकडे पाहून समजते. त्यांच्या कार्यालयात उलट दिशेने फिरणारे घड्याळ होते. वेळ तेही अचूक दाखवी. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, या सबबीवरचे ते त्यांचे उत्तर होते.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनच्या बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर त्यांना निरोप देण्यात आला. वयाची ७९ वर्षे उलटून गेलेल्या हॉपर तेव्हा नौदलातील सर्वांत वयोवृद्ध कार्यरत अधिकारी होत्या. लगेच त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत बोलत, शिकवत राहिल्या. १९९१ मध्ये त्यांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. तेथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. पुढे नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव दिले गेले, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मरणोत्तर मिळाले आणि २०१७ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले.

सन्मानांची ही यादी मोठी आहे. पण रात्री उशिरापर्यंत जागून, ऑप्टिमायझेशन चालू केल्यावरच कोसळणाऱ्या प्रोग्रामचे तुकडे पाडत बसलेल्या अभियंत्याला हॉपर यांचा खरा वारसा मिळतो तो त्यांच्या कार्यपद्धतीत. संशय सर्वांवर घ्यायचा, आपल्यावर सर्वांत आधी. वस्तू उघडून पाहायची. पायरीपायरीने दोषाची जागा आक्रसत न्यायची. आणि जे दिसले ते वेळेसह लिहून ठेवायचे. हार्वर्डच्या त्या नोंदवहीत पतंगा चिकटवला गेला त्यालाही आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. यंत्रे कोट्यवधी पटींनी वेगवान झाली, रिले गेले, कागदी फिती गेल्या. दोष शोधण्याची रीत मात्र अजून तीच आहे.